रॉबर्ट जॉन्सनचे ४२ टेक: कोणता संच घ्यावा आणि कसा ऐकावा

ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या त्या संगीताला, आठवड्यातून एक तास देणारा कोणताही रेडिओ कार्यक्रम घ्या, चार-पाच भागांच्या आत मिसिसिपीचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन येतोच. कधी त्याचं स्वतःचं ध्वनिमुद्रण वाजतं, तर कधी त्याचंच गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी गिटारवर. एवढं नाव असूनही त्याने मागे ठेवलेला सगळा ऐवज दोन सीडींत मावतो. २९ गाणी, त्यांचे ४२ टेक (टेक म्हणजे गाणं एकदा पूर्ण वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण) आणि एकूण पाच दिवसांचं ध्वनिमुद्रण. १६ ऑगस्ट १९३८ रोजी मिसिसिपीतल्या ग्रीनवूडजवळ तो गेला, तेव्हा त्याचं वय २७ होतं.

हा ऐवज मुख्यतः दोन रूपांत मिळतो. कोलंबियाने १९९० साली काढलेला 'द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' हा संच, ज्यात ४१ टेक आहेत, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, २०११ मध्ये आलेलं 'द सेंटेनियल कलेक्शन', ज्यात ४२ आहेत. जास्तीचा टेक 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज'चा आहे आणि तो १९९० नंतर उजेडात आला. पहिल्या संचाचा मान मोठा आहे. त्याला ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, एकट्या अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २००३च्या यादीत तो घेतला. तरीही आज नव्याने घ्यायचा असेल तर २०११चा घ्या. त्याचं पहिलं कारण आवाज नव्हे, क्रम आहे.

१९९०च्या संचात गाणी ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने आहेत आणि प्रत्येक गाण्याला लागूनच त्याचा पर्यायी टेक येतो. पर्यायी टेक म्हणजे कंपनीने हाताशी असावा म्हणून त्याच बैठकीत पुन्हा घेतलेलं तेच गाणं. त्यामुळे पहिली सीडी लावली की 'काइंड हार्टेड वूमन ब्लूज', आणि लगेच पुन्हा 'काइंड हार्टेड वूमन ब्लूज'. पुढे 'रॅम्बलिन ऑन माय माइंड' दोनदा, 'व्हेन यू गॉट अ गुड फ्रेंड' दोनदा, 'कम ऑन इन माय किचन' दोनदा. संशोधकाला हे सोयीचं आहे. नवा श्रोता मात्र अर्ध्या तासात दमतो आणि 'सगळी गाणी सारखीच वाटतात' असं म्हणून संच बाजूला ठेवतो. दोष गाण्यांचा नसतो, मांडणीचा असतो. २०११च्या संचात एका सीडीवर सॅन अँटोनिओ, दुसरीवर डॅलस, आणि दोन्हीकडे आधी मुख्य टेक व शेवटी पर्यायी टेक अशी विभागणी आहे. तेवढ्याने ऐकणं पार बदलतं.

जुना संच आधीच घरात असेल तर नवा घ्यायची घाई नको. प्लेअरमध्ये क्रम स्वतः लावा. पर्यायी टेक काढून टाकले की सॅन अँटोनिओची १६ आणि डॅलसची १३ गाणी उरतात. तीही एका दमात ऐकू नका. ही गाणी ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीसाठी वाजवलेली आहेत. एका बाजूला एक गाणं, तेही तीन मिनिटांच्या आत. मग तबकडी उलटायची आणि दुसरं ऐकायचं. पावणेदोन तास सलग ऐकलं जाईल असं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. दोन-दोन, फार तर चार-चार गाणी ऐकून थांबा.

आता आवाज. पहिली बैठक २३, २६ आणि २७ नोव्हेंबर १९३६ रोजी सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलात झाली, दुसरी १९ आणि २० जून १९३७ रोजी डॅलसमध्ये ५०८ पार्क अॅव्हेन्यू या इमारतीत. निर्माता डॉन लॉ. दोन्हीकडे एक माणूस, एक गिटार आणि थेट तबकडीवर कोरलेला आवाज. काही बाजू चांगल्या स्रोतावरून उतरवता आल्या, तर काही घासलेल्या शेलॅकवरून, म्हणजे लाखेच्या जुन्या तबकडीवरून, म्हणून खरखर गाण्यागणिक कमी-जास्त होते. ते तुमच्या प्लेअरचं दुखणं नाही. १९९०च्या सीडीत वरचे स्वर जरा दबलेले वाटतात आणि तरीही खरखर शिल्लक राहतेच. २०११च्या सीडीत जाड तारांवरचा अंगठा स्पष्ट कळतो, आणि ब्लूज गिटार ऐकताना सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं. 'टेराप्लेन ब्लूज' दोन्हीकडे लावून पाहा, फरक पहिल्या ओळीतच कळेल.

घरी ऐकताना दोन गोष्टी करा. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतलं, आहे, म्हणून प्लेअरवर मोनोची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर एकाच स्पीकरवर ऐका. हेडफोनवर दोन कानांत वेगवेगळी खरखर आली की मेंदू उगाच थकतो. दुसरं म्हणजे ट्रेबल वाढवू नका. त्या काळच्या तबकडीवर साधारण ५-६ किलोहर्ट्झच्या वर संगीत फारसं नसतंच, तिथे असते ती खरखर. तो भाग थोडा खाली आणला तर गाणं पुढे येतं. फार खाली आणलात मात्र स्लाइडची, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायच्या नळीच्या आवाजाची, धार बोथट होते.

वेगाचा वाद इथेच मिटवलेला बरा. या तबकड्या मुद्दाम सुमारे २० टक्के वेगाने काढल्या गेल्या आणि खरा जॉन्सन संथ, खोल आवाजाचा होता, असा दावा इंटरनेटवर वारंवार दिसतो. गणित करून पाहू. वेग २० टक्के कमी केला की स्वर जवळजवळ चार अर्धस्वर खाली येतो. मग आवाज घोगरा होतो, शब्द लांबतात आणि गळ्यातला कंप इतका मंद होतो की तो माणसाचा वाटत नाही. शिवाय सात महिन्यांच्या अंतराने, दोन शहरांत झालेल्या बैठका एकाच प्रमाणात चुकायला हव्यात. सॅन अँटोनिओत त्याच दिवसांत तीच कंपनी चक वॅगन गँग आणि मेक्सिकन गायकांचंही ध्वनिमुद्रण करत होती. त्यांच्या तबकड्यांत अशी गडबड नाही. तेव्हा 'खऱ्या वेगाचे' म्हणून मिळणारे संथ केलेले संच घेऊ नका. तबकड्यांचा स्वर आजच्या सूर जुळवण्याच्या ४४० हर्ट्झच्या मापाला तंतोतंत बसत नाही हे खरं, पण ती थोडक्याची गोष्ट आहे, चार अर्धस्वरांची नव्हे.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी मात्र सगळा हिशोब उलटा होतो. सामान्य श्रोत्याला कंटाळा आणणारे पर्यायी टेकच त्यांच्यासाठी संचाचा सर्वात मोलाचा भाग आहेत. 'ड्रंकन हार्टेड मॅन'चे दोन्ही टेक शेजारी ठेवा. कडवी, साथीची वळणं, शेवट, सगळं जवळजवळ तंतोतंत जुळतं. हा माणूस तंद्रीत येऊन वाजवत नव्हता. गाणं आधीच बांधून, घासून आणलेलं होतं. मग 'काइंड हार्टेड वूमन'चे दोन टेक घ्या. पहिल्यात मध्येच गिटारचा छोटा एकल तुकडा येतो, आणि त्याच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांत असा तुकडा हा एकच आहे. दुसऱ्यात तो गाळून त्या जागी कडवं घातलं आहे. 'फोनोग्राफ ब्लूज' तर त्याहून बोलकं आहे. पहिल्या टेकची साथ 'काइंड हार्टेड वूमन'च्या धाटणीची, दुसऱ्याची 'डस्ट माय ब्रूम'च्या वळणाची. शब्द तेच, खालचा सांगाडा बदललेला. म्हणजे त्याच्याकडे साथीचे काही तयार साचे होते आणि कोणतं गाणं कोणत्या साच्यात बसतं हे तो पारखून बघत होता. 'क्रॉस रोड ब्लूज'चा दुसरा टेक पहिल्यापेक्षा चांगलाच संथ आहे, आणि लय खाली आल्यावर तोच स्लाइडचा फटका किती जड होतो तेही ऐकण्यासारखं आहे.

चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची दंतकथा या टेकपुढे टिकत नाही. 'क्रॉस रोड ब्लूज'मध्ये सैतान कुठे नाहीच. त्यात माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, जाणारी गाडी थांबवायला बघतो, कुणी थांबत नाही आणि सूर्य मावळत चाललेला असतो. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसाने अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटं सापडणं म्हणजे काय, हे ठाऊक असणाऱ्या अभ्यासकांनी या गाण्यातली भीती नेमकी तिथेच शोधली आहे. ती भीती दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

वाजवून पाहायचं असेल तर तारा कशा लावायच्या, ते पाहू. 'क्रॉस रोड', 'कम ऑन इन माय किचन', 'वॉकिंग ब्लूज' ओपन जीमध्ये बसतात, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जीची सुरावट वाजते. नेहमीच्या लावणीतून सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी आणि पहिली ई वरून डी, अशा तिन्ही एकेक पूर्ण स्वर खाली आणायच्या. मधल्या तीन तारा तशाच. यात मूळ स्वर पाचव्या तारेवर येतो, म्हणून अंगठा सवयीने सहाव्या तारेवर पडला की सगळं चुकल्यासारखं वाटतं. पहिले काही दिवस सहावी वाजवूच नका. 'प्रीचिंग ब्लूज'साठी ओपन डी लागते. सहावी डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली डी. 'माल्टेड मिल्क'ला फक्त सहावी डीवर आणा. 'फ्रॉम फोर टिल लेट' आणि 'दे आर रेड हॉट' नेहमीच्या लावणीत, सीमध्ये. मूळ स्वर गाठायला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, तारा वर ताणू नका. ओपन जीच्या तारा ओढून ओपन ए करायला गेलं की तिसरी नाहीतर चौथी तुटते.

तारा ढिल्या झाल्या की दोन दुखणी सुरू होतात. ०.०१०च्या पातळ संचावर ओपन जी लावली तर पाचवी आणि सहावी फ्रेटवर झणझणतात. ०.०१२ किंवा ०.०१३चा संच चढवा. तारा फार खाली असतील तर स्लाइड फ्रेटवर खडखडते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ३ मिलिमीटरच्या आसपास जागा असू द्या. स्लाइड करंगळीत घाला म्हणजे बाकी तीन बोटं सूर धरायला मोकळी राहतात. ती फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी. नेहमीच्या वादनासारखी पट्टीच्या मागे धरली तर स्वर हमखास उतरलेला लागतो. स्लाइडच्या मागे दुसरं बोट तारांवर हलकेच टेकवलं नाही तर मागचा भागही गुणगुणत राहतो, आणि मींड सुंदर असूनही आवाज गढूळ येतो. नवशिक्यांच्या स्लाइडमधला बहुतेक गोंधळ या एका बोटाच्या अभावी होतो.

नेहमीच्या लावणीतली ए पट्टीतली गाणी अंगठ्यावर उभी आहेत. मोकळी पाचवी तार आणि तिच्यासोबत चौथीवर आलटूनपालटून दुसरा व चौथा फ्रेट. पियानोवाल्यांचा डावा हात त्याने असा गिटारवर आणला आणि पुढची पन्नास वर्षं ब्लूज आणि रॉक अँड रोल त्यावर चालले. कडव्याच्या शेवटचं वळण, ज्याला वादक टर्नअराउंड म्हणतात, तेही शिकण्यासारखं आहे. पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट करंगळीने धरून ठेवा आणि चौथ्या तारेवर पाच, चार, तीन, दोन असे उतरा. वरचा स्वर जागचा हलत नाही, खालचा पायरी-पायरीने उतरतो. चार मात्रांत अख्खं दार उघडून मिटल्यासारखं वाटतं.

मेट्रोनोमचा इथे उपयोग नाही. जॉन्सन ब्लूजचा नेहमीचा बारा मात्राखंडांचा साचा काटेकोर पाळत नाही. ओळ संपली की गिटारला जितकं बोलायचं तितकं तो बोलू देतो, कधी दोन मात्रा जास्त, कधी अर्धा खंड कमी. लयही गाण्याच्या शेवटाकडे चढते. म्हणून खंड मोजू नका, आवाजाची ओळ धरा. ओळ कुठे संपते ते पाठ झालं की गिटारची उत्तरं आपोआप जागेवर पडतात. बॅंडसोबत वाजवताना हेच अंगलट येतं, कारण ड्रमवाला बाराला वळतो आणि तुम्ही साडेअकराला वळलेले असता. तिथे साचा आधी ठरवूनच घ्यावा.

संचासोबतच्या पुस्तिकांबद्दल थोडक्यात. १९९०च्या पुस्तिकेत गाण्यांचे शब्द आहेत आणि कीथ रिचर्ड्स व एरिक क्लॅप्टन यांची टिपणंही. टिपणं वाचनीय आहेत. शब्दांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. खरखरीतून ऐकून उतरवलेल्या ओळींत वादाच्या जागा बऱ्याच आहेत. चरित्राचा भागही नंतरच्या संशोधनाने मागे टाकला आहे.

आणि आता रेडिओ. तासाभराच्या साप्ताहिक कार्यक्रमात जॉन्सन कसा लावावा याचं उत्तर त्याच्या उसनवारीत आहे. त्याने उसनं घेतलं आणि पुढच्यांनी त्याच्याकडून घेतलं. जोड्या लावल्या की श्रोत्याला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. लेरॉय कारचं १९३५चं 'व्हेन द सन गोज डाउन' आणि त्यामागे 'लव्ह इन व्हेन'. कोकोमो अरनॉल्डचं 'ओल्ड ओरिजिनल कोकोमो ब्लूज' आणि मग 'स्वीट होम शिकागो'. स्किप जेम्सने १९३१ मध्ये पियानोवर वाजवलेलं '२२-२० ब्लूज' आणि मग जॉन्सनचं गिटारवरचं '३२-२०', जिथे बंदुकीची गोळी बदलते पण धमकी तीच राहते. 'माल्टेड मिल्क'आधी लॉनी जॉन्सनचं काहीही मऊ लावा, गळा आणि बोटं कुठून आली ते कळतं. पुढच्या दिशेला एलमोर जेम्सचं १९५१चं 'डस्ट माय ब्रूम' हवंच. गिटारला वीज मिळाल्यावर त्या एका तुकड्याचं काय झालं ते तिथे ऐकू येतं.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीसाठी तिचे आयोजक जॉन हॅमंड यांना जॉन्सन हवा होता. तो गेल्याचं कळल्यावर त्यांनी मंचावर ग्रामोफोन लावून त्याच्या दोन तबकड्या ऐकवल्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगायला यापेक्षा चांगली माहिती नाही. आणि मधल्या भागासाठी रेडिओचाच दुवा आहे. २१ नोव्हेंबर १९४१ रोजी आर्कान्सामधल्या हेलेनाच्या केएफएफए केंद्रावरून 'किंग बिस्किट टाइम' सुरू झाला, तेव्हा हार्मोनिकावादक सॉनी बॉय विल्यमसनच्या शेजारी गिटार घेऊन रॉबर्ट लॉकवूड बसला होता. त्याला गिटार जॉन्सननेच शिकवली होती. जॉन्सनची बोटं डेल्टातल्या, म्हणजे मिसिसिपी नदीकाठच्या त्या सपाट भागातल्या, घराघरांत पोचली ती लॉकवूडच्या हातून आणि रेडिओवरून.

तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांसाठी तीन सूचना. जुन्या तबकडीची पातळी आकड्यांनी जुळवू नका, कानाने गळा जुळवा, नाहीतर पुढचं आधुनिक गाणं अंगावर येतं. खरखर कात्रीने कापल्यासारखी तोडू नका. गाण्याच्या आधी दीड-दोन सेकंद ती हळूच आत येऊ द्या आणि शेवटीही तशीच विरू द्या, कारण एकदम आलेली शांतता श्रोत्याला केंद्र बंद पडल्यासारखी वाटते. एकाच गाण्याचे दोन टेक पाठोपाठ लावायचेच असतील तर 'फोनोग्राफ ब्लूज'चे लावा, बाकीच्यांत फरक सांगण्यातच वेळ जातो. 'कम ऑन इन माय किचन'चा मात्र संथ टेकच घ्या. तिथे तो गाणं थांबवून हलक्या आवाजात वाऱ्याकडे कान द्यायला सांगतो आणि स्लाइड तो वारा होते. आणि 'लव्ह इन व्हेन'च्या शेवटच्या कडव्यात शब्द सरतात, नुसता हुंकार आणि एक नाव उरतं. त्यावर निवेदकाने बोलायला सुरुवात करू नये. खरखर पूर्ण विरेपर्यंत माइक बंदच ठेवावा.